नागपूरकडं तोंड केलेला रेडिओ

आमच्या मूर्तिजापूरच्या घरात देव्हाऱ्याचं तोंड पूर्वेला होतं आणि रेडिओचंही. देव्हाऱ्यामागं शास्त्र होतं, रेडिओमागं नागपूर.

मर्फीचा टेबल ट्रान्झिस्टर होता तो. लाकडी पेटी, पुढं स्पीकरवर ताणलेलं जाळीदार कापड, दोन गोल नॉब आणि मीटरचे आकडे छापलेली काच. अशा सेटच्या आत बोटभर जाडीची एक काळी दांडी आडवी बसवलेली असते आणि तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. मिडियम वेव्ह पकडायचं काम ह्या दांडीचं. स्टेशन तिच्या कुशीला असलं की आवाज भरून येतो, टोकाच्या दिशेला असलं की बसतो. आमच्याकडं हे शास्त्र कुणाला माहीत नव्हतं, अनुभव मात्र सगळ्यांना होता. आजी केरसुणी घेऊन खोलीत शिरली की आधी आम्हाला दटावायची, "पोट्टेहो, थो रेडिओ हालवू नोका, नागपूर जाते!"

मूर्तिजापूरचं नशीब असं की नागपूर आणि मुंबई इथून जवळपास एकाच रेषेत येतात. एक उगवतीला, दुसरं मावळतीला. मुंबई-हावडा लोहमार्गही त्याच अंगानं जातो. त्यामुळं रुळांना आडवी पाठ करून बसवलेल्या त्या पेटीला दिवसा नागपूर आणि रात्री मुंबई, दोन्ही एकाच जागेवरून मिळत. हैदराबाद हवं असेल तर मात्र पेटी काटकोनात वळवावी लागायची, इंदूरलाही तसंच. रात्री लांबची स्टेशनं उमटायची, कारण दिवसा मिडियम वेव्ह शोषून घेणारा वातावरणातला वरचा थर सूर्य मावळल्यावर विरतो आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर उतरतात. काका रात्री जेवून आले की पेटी फिरवत बसायचे. दिवसभर जागचा न हलणारा रेडिओ रात्री घरातल्या सगळ्यांत भटक्या माणसाच्या ताब्यात असायचा.

नागपूरचं आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. तेव्हाचे रेडिओ व्हॉल्व्हचे. त्यांना वीज लागायची, नाहीतर जडशीळ बॅटरी. आमच्या आबाजींच्या तरुणपणी रेडिओ ही वकिलांच्या आणि जिनिंगवाल्यांच्या दिवाणखान्यातली चीज होती. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला आणि पुढच्या वीसेक वर्षांत त्यानं ही चीज दिवाणखान्यातून काढून धाब्याच्या घरात आणली. चार सेल घातले की झालं. खांब, तार, मीटर काही नको. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत वीज यायच्या आधी रेडिओ आला, तो ह्यामुळं.

फुकट मात्र नव्हता. रेडिओ ठेवायला लायसन लागायचं, टपाल कचेरीत दरवर्षी पैसे भरून पुस्तकावर तिकिटं चिकटवून घ्यावी लागायची. १९८० च्या दशकात ती भानगड संपली. आमचं पुस्तक बाबांनी रेशन कार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. सरकारचा कागद फेकू नये, हा त्यांचा नियम.

घरातला प्रत्येक माणूस त्या पेटीतून आपापलं काढून घ्यायचा. आबाजींना शेतीचा कार्यक्रम आणि हवामान. बाबांना बातम्या. आईला सकाळी रेडिओ सिलोनची जुनी गाणी. त्या कार्यक्रमाच्या शेवटी रोज सैगलचं गाणं लागायचं, आणि सैगल सुरू झाला म्हणजे आठ वाजत आले, हे आम्हा शाळकरी पोरांना घड्याळ न बघता कळायचं. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला. त्या वेळी आमचा सेट शॉर्ट वेव्हवर टाकला जायचा आणि मागून काढलेली एक तार खिडकीच्या गजाला बांधली जायची. सिलोन आत-बाहेर करायचं. अमीन सायानींचा आवाज जवळ यायचा, लांब जायचा, पण पहिल्या पायदानाचं गाणं हुकलं असं झाल्याचं आठवत नाही. १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर ह्या केंद्रांवरून. म्हणजे आकाशवाणीच्या पहिल्या जाहिराती ऐकणाऱ्यांत वऱ्हाडी कानही होते.

३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराजी गेल्याचं आकाशवाणीनं सांगायच्या कितीतरी आधी बीबीसीनं सांगितलं होतं. ज्यांच्याकडं शॉर्ट वेव्ह होतं, त्यांच्या ओसरीवर त्या दुपारी गर्दी जमली. आमच्याही जमली. एकच पेटी, एकच आवाज. तो वाढवायचा की कमी करायचा हे सगळ्यांत मिळून ठरायचं.

पुढं टीव्ही आला. रेडिओ खोलीतून स्वयंपाकघरात गेला, तिथून माळ्यावर. मी नोकरीच्या गावाला जाताना तो मागून घेतला आणि स्टेशनाजवळच्या मेकॅनिककडं टाकला. त्यानं पाठ उघडली, सेलच्या डबीतली हिरवी-पांढरी बुरशी नखानं खरवडली, पट्टीवर टेस्टर टेकवला आणि म्हणाला, "भाऊ, हे एसी १२८ गेलं. एक बदलून नाही चालत, जोडीनंच बदला लागते." टोपीसारखे दोन बारके धातूचे ट्रान्झिस्टर त्यानं काढले, दुसऱ्या एका मेलेल्या सेटमधून दोन काढून लावले. कथलाचा धूर नाकात गेला. मग व्हॉल्यूमचा कंट्रोल बदलला, डायलचा तुटलेला दोरा नव्यानं ओवला. तो दोरा तीन चाकांवरून एका ठरावीक वळणानंच घालावा लागतो, नाहीतर काटा उलटा पळतो. त्यानं तो न बघता घातला. बोलता बोलता.

गेल्या काही वर्षांत ह्या पेट्यांना भाव आला आहे. जुन्या वस्तू घेणारा एक जण घरी आला, पेटीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "चालत नसला तरी चालते काका. नॉब ओरिजिनल पाहिजे, बस." आत काय काय बदललंय ते मी सांगायला लागलो, तर त्याला त्यात रस नव्हता. त्याच्या गिऱ्हाइकाला शोकेसमध्ये ठेवायचा होता. मी त्याला नावं ठेवणार नाही. असे लोक नसते तर निम्म्या पेट्या भंगारात गेल्या असत्या. पण त्यांच्या हिशेबात माझ्या रेडिओची किंमत बाहेरच्या लाकडाची आहे, आणि माझ्या हिशेबात आत झालेल्या प्रत्येक दुरुस्तीची. ज्याला ते अस्सलपणात आलेली खोट म्हणतात, त्याच्याच जोरावर तो आजवर वाजला.

आता वाजवायचा म्हटलं तर वेगळीच अडचण आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, टीव्हीचा डबा, ह्या सगळ्यांच्या आतली विजेची उघडझाप मिडियम वेव्हवर खरखर ओतत असते. नागपूर लागतं, पण भांड्यावर वाळू घासावी तसं. आणि मग लाइट जाते. वऱ्हाडात दहा-बारा तासांचं भारनियमन सोसलेल्यांना लाइट गेल्याचा आनंद कसा व्हावा? पण मला होतो. शेजारचा इन्व्हर्टर सोडून दिवे, चार्जर, सगळं बंद पडतं आणि नागपूर स्वच्छ उमटतं. वीज नव्हती म्हणून जो घरात आला, त्याला आज वीज नसतानाच नीट बोलता येतं.

ह्यालाही मुदत आहे. आकाशवाणीची मिडियम वेव्ह प्रक्षेपणं एकामागून एक बंद होत आहेत. नागपूरजवळच्या बुटीबोरीला दहा लाख वॅटचा प्रक्षेपक उभारून १९८८ मध्ये सुरू केलेली रात्रीची राष्ट्रीय वाहिनी २०१९ मध्ये बंद झाली. मूर्तिजापुरात तर आम्ही शकुंतला रेल्वेच्या बाबतीत हे पाहिलंच आहे: यवतमाळ आणि अचलपूरचे अरुंद रूळ जागेवर आहेत, गाडी नाही. रेडिओ शाबूत आणि स्टेशन नाही, अशी वेळही येईल.

तोवर, तुमच्या माळ्यावर असा सेट असेल तर दोन गोष्टी करा. आजच सेल बाहेर काढा, गळलेला सेल आतली पट्टी खाऊन टाकतो. आणि विकायचाच असेल तर खुशाल विका, पण आधी गावातला म्हातारा मेकॅनिक गाठून तो वाजता करून घ्या. पेटी पुढंही मिळेल, तो दोरा ओवणारा हात मिळणार नाही.