बहिरा मोत्या

तुमच्या दारातले कुत्रे हाकेला येत नसेल, तर काठी उचलण्याआधी आमच्या मोत्याची ही हकिगत ऐका. काठी मीही उचलली होती, म्हणून सांगतो.

मोत्या वस्तीवर आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. पांढराशुभ्र, औषधालासुद्धा काळा केस नाही. बोलावले तर यायचा नाही, बैलगाडी जवळ आली तरी वाटेतून हलायचा नाही. आम्ही त्याला 'माजलेला' ठरवून मोकळे झालो.

वर्षभराचा झाला असेल. एके दुपारी तो पडवीत झोपला असता माझ्या नातीने मागून जाऊन पाठीवर हात ठेवला. तो दचकला आणि पोरीच्या मनगटाला दात लागला. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि तिला इंजेक्शनासाठी दवाखान्यात नेले. कुत्रे घरचे असले तरी यात हयगय नको.

"आबा, उद्या याला लांब सोडून येतो," मुलगा म्हणाला. मीही हो म्हणालो असतो. पण डॉक्टरांनी दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवायला सांगितले होते. त्या दहा दिवसांनीच मोत्याला वाचवले. पोरीची इंजेक्शने चालू होती आणि मी बांधलेल्या मोत्याकडे प्रथमच नीट पाहत होतो. भाकरीचा वास आला की उठायचा, पण पाठीमागे परात आदळली तरी कान हलला नाही. मग मी मुद्दाम आडोशाला उभा राहून ताट वाजवले. पाय मात्र आपटला नाही, कारण जमिनीची धमक बहिऱ्यालाही कळते. मोत्या ढिम्म!

जनावरांच्या डॉक्टरांनी उलगडा केला. कातडीला रंग देणाऱ्या पेशी कानाच्या आतही लागतात. तिथे त्या नसल्या तर पिल्लू काही आठवड्यांतच बहिरे होते. म्हणून पांढऱ्या कुत्र्यांत हे जास्त. सगळीच पांढरी कुत्री बहिरी नसतात हो! याला औषध मात्र नाही.

मग आम्हीच बदललो. हात छातीकडे ओढला की 'ये', तळवा पुढे केला की 'थांब'. खूण पाळली की लगेच भाकरीचा तुकडा. आठवडाभर काही जमेना. शेवटी कळले, आमच्या मंडळी 'ये' म्हणून पदर हलवीत होत्या! घरात एका गोष्टीला एकच खूण हवी. अंधारात बॅटरी दोनदा उघडझाप करतो, डोळ्यांवर नव्हे, जमिनीवर. रस्त्याकडे नेताना दोरी कधी सोडत नाही.

झोपेतून उठवणे सर्वांत नाजूक. आधी नाकाजवळ हात धरायचा, वास लागू द्यायचा, मग खांद्याला हळूच स्पर्श आणि तोंडात तुकडा. रोज असे केल्यावर त्याचे दचकणे कमी झाले. तरी हे काम मोठ्यांचेच. नात लांबूनच पाय आपटते, तो मान वर करतो, मग ती 'ये' करते.

रात्री मोत्या माझ्या बाजेच्या खुराला पाठ टेकवून झोपतो. मी नुसती कूस बदलली तरी त्याला कळते.