भरवसा कुणाच्या झग्यावर ठेवायचा नसतो

या उन्हाळ्यात आमच्या घरात एकच विषय होता. आम्ही नवरा-बायको परभणीच्या मोंढ्यात हमालीवर आणि धान्य निवडण्यावर पोट भरणारी माणसे. धाकटे लेकरू पाचवी पास झाले. बाहेरगावी मिशनचे वसतिगृह आहे, खर्च थोडा, शिस्त चांगली, इंग्रजी पक्के होते, असे जो तो सांगे. आमची थोरली लेक सिस्टरांच्या दवाखान्यातच जन्मली. त्या माऊल्यांनी ना जात विचारली, ना पैशासाठी अडवले. म्हणून आमच्या मनात शंका नव्हती. पत्र्याची पेटी घेतली, दोन ड्रेस शिवून आणले.

तेवढ्यात लेकराच्या मामांचा फोन आला. मामा मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरात राहतात. पोट भरायला गेले ते तिकडचेच झाले. म्हणाले, "जय भीम, दाजी. लेकरू शिकायला पाठवा, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या शिवाजीनगरात काय घडले ते अक्काला सांगा आणि मग पाठवा."

नोव्हेंबर २०१५ मधली ती गोष्ट. तिथल्या चर्चचा फादर जॉन्सन लॉरेन्स याने तेरा वर्षांच्या मुलावर अत्याचार केला. घर गरीब, चर्चवर श्रद्धा असलेले. आईबाप न्याय मागायला आपल्या धर्मगुरूंकडे गेले. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस त्यांना भेटले. पण त्याच रात्री त्यांना रोमला जायचे होते. पोलिसांना आपण लगेच कळवले नाही, हे त्यांनी पुढे २०१९ मध्ये बीबीसीजवळ मान्य केले. पोलिसांत गेले ते घरचेच लोक. त्यानंतर चर्चमधल्या लोकांनी आपल्याला वाळीत टाकल्यासारखे केले, असे त्या घराचे म्हणणे होते. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्या फादरला जन्मठेप दिली. सहा वर्षे त्या माऊलीने कशी काढली असतील?

आणि हेच कार्डिनल फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हॅटिकनला, मुलांच्या संरक्षणासाठी पोप फ्रान्सिस यांनी बोलावलेल्या परिषदेच्या संयोजकांपैकी एक होते! मग सामान्य माणसाने विश्वास ठेवायचा कुणावर?

हे एकट्या मुंबईचे नाही. अमेरिकेत बोस्टन शहरात २००२ मध्ये वर्तमानपत्राने उघडकीस आणले की, असल्या फादरांना शिक्षा न होता एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये त्यांच्या बदल्या होत होत्या. तिथल्या कार्डिनलना त्याच वर्षी पद सोडावे लागले. पाप एकाने केले. पण लोकांचा विश्वास उडाला तो झाकणाऱ्यांमुळे. नासका आंबा आढीत लपवला तर आढी वाचत नाही.

दोन रात्री आम्हाला झोप नव्हती. शेवटी आम्ही लेकराला घेऊन एसटीने त्या वसतिगृहात गेलो. तिथल्या फादरना हात जोडून तीन गोष्टी विचारल्या. रात्री लेकरांच्या खोलीत कोण येऊ शकते? लेकराला वाटेल तेव्हा घरी फोन करता येईल का? आणि उद्या एखाद्या लेकराने तक्रार केली, तर तुम्ही आधी कुणाकडे जाल?

फादर रागावले नाहीत. आम्हाला चहा पाजला. पण तिसऱ्या प्रश्नावर म्हणाले, "आधी बिशपसाहेबांना कळवू, मग ते सांगतील तसे."

आम्ही पेटी उचलून परत आलो. लेकरू वाटभर रडत होते.

मग आम्ही आपल्याच समाजाच्या एका वसतिगृहात गेलो. तेच तीन प्रश्न विचारले. तिथले साहेब मात्र भडकले. "आपल्या माणसावर अविश्वास? समाजाची बदनामी करता काय?" आम्ही खाली मान घालून बाहेर पडलो. पण बंधू-भगिनींनो, बदनामीची भीती गोवंडीतही होती आणि बोस्टनमध्येही होती. झगा पांढरा असो, चीवर असो की खादी, लेकराचे दुःख सारखेच.

२०१२ च्या पोक्सो कायद्याने हे ठरवून दिले आहे. मुलावर अत्याचार झाल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे झाकले तर एक वर्षापर्यंत. पोलिसांनी लेकराचा जबाब घ्यायचा तो वर्दी न घालता, आईबापांसमोर. लेकराचे नाव छापायचे नाही. १०९८ हा फोनही फुकट आहे.

लेकरू यंदा परभणीच्याच शाळेत जाते. इंग्रजी थोडे कच्चे राहील, याची हळहळ आहे. पण त्या रात्री आम्ही त्याला जवळ घेऊन सांगितले, "बाळा, कुणीही असो, फादर, गुरुजी, भंतेजी किंवा घरचा पाहुणा, त्याने तुला नको तिथे हात लावला तर आम्हाला सांग. आम्ही तुला मारणार नाही. तुझेच खरे मानू."

लेकराने विचारले, "अन् लोक हसले तर?"

आम्ही म्हणालो, "हसू दे."

हे आपल्या घरीही एकदा सांगा. जूनची वाट पाहू नका.