यादीत नाव नसणं

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, यादी लागली. माझं नाव नाहीये." बस्स, एवढंच.

दोन वर्षं हा पोरगा बोळिंजहून पहाटेची रिक्षा पकडतोय, किटबॅग सांभाळत विरार लोकलमध्ये चढतोय. ताई डबा घेऊन मागे.

काय बोलावं सुचेना. आठवला आपला विरारचाच पृथ्वी शॉ. तोही असाच वडिलांबरोबर लोकलने मैदानं गाठायचा. २०१३ साली हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा. २०१८ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणारा कर्णधार, त्याच वर्षी राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४. तेव्हा आमच्याकडे जो तो त्याला लहानपणापासून ओळखत होता!

नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात त्याला कुणीच घेतलं नाही. लगेच तीच मंडळी म्हणायला लागली, "मी तेव्हाच म्हटलं होतं." २०२५ मध्ये तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडे गेला, रणजीत चंदीगडविरुद्ध २२२ केल्या. डिसेंबरच्या लिलावात आधी पुन्हा नकार, मग शेवटी दिल्लीने ७५ लाखांना घेतलं. २०१८ ला त्याच दिल्लीने १ कोटी २० लाख मोजले होते.

हे सगळं भाच्याला सांगणार होतो. पण जीभ अडखळली. कारण सोसायटीभर "आमचा पुढचा पृथ्वी" म्हणत फिरणारा मीच होतो. बाराव्या वर्षी ते ओझं किटबॅगेपेक्षा जड होत असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

असो. शेवटी एवढंच विचारलं, "उद्या कितीची लोकल?"

जरा थांबून म्हणाला, "नेहमीचीच."

"मी येतो. बॅग मी धरतो."