‘असे आढळून आले’ : ग्रंथपालांच्या संशोधनाविषयी एक कबुली

मराठीतील संशोधनपर लेखनात ‘असे आढळून आले’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की, त्यातील कर्ता कोठे गेला हा प्रश्न वाचकाला पडत नाही आणि लेखकालाही पडत नाही. ‘मी शोधले’ असे म्हणणे आत्मप्रौढीचे वाटते. म्हणून कर्ता गाळण्याच्या या संकेताला आपण विनयाचा संकेत मानतो. बहुतेक वेळा तो तसा असतोही. परंतु शोधणारी व्यक्ती लेखक नसून दुसरीच असेल, तर त्याच वाक्याचा अर्थ बदलतो. विनयाच्या जागी अपहार येतो आणि वाक्य मात्र जसेच्या तसे राहते. प्रस्तुत लेखकाच्या पीएच.डी. प्रबंधात असे एक वाक्य आहे. त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे; कारण ती केवळ एका व्यक्तीच्या चुकीची हकीकत नाही, विद्यापीठीय ग्रंथपालांच्या व्यवसायाकडे आपण भाषा-साहित्याचे अभ्यासक ज्या दृष्टीने पाहतो, त्या दृष्टीचीही ती आहे.

माझे गाव जुन्नर तालुक्यातील आळे. पुणे-नाशिक महामार्ग आणि कल्याणहून माळशेज घाटाने येणारा रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, तो आळेफाटा आज गावापेक्षा अधिक प्रसिद्ध आहे. वारकरी संप्रदायात मात्र आळ्याची ओळख निराळी आहे. ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानदेवांनी पैठण येथे वेद वदविले, त्या रेड्याची समाधी आळ्यास आहे. पैठणचा प्रसंग संतचरित्रांतून सर्वपरिचित आहे. नामदेवांच्या नावावरील ‘आदि’ प्रकरणात तो येतो. महिपतींच्या ‘भक्तविजया’तही (१७६२) येतो. माझा विषय त्यापुढचा होता. नेवाशाहून आळंदीकडे परतताना भावंडे आळ्यास थांबली, तेथे रेड्याने देह ठेवला आणि ज्ञानदेवांनी त्यास समाधी दिली, ही कथा गावात कशी सांगितली जाते आणि तिचा लिखित परंपरेशी संबंध कोणता, हे मला पाहावयाचे होते. ज्या समाधीवर लहानपणी आजीचा हात धरून जात असे, तिच्यावर प्रबंध लिहावयाचा, याचे मला अप्रूप होते. त्या अप्रूपाने माझी दृष्टी काहीशी अधू केली होती, हे पुढे कळले.

२००८ साली मी गावातील वृद्ध स्त्रियांकडून ही कथा ध्वनिमुद्रित केली. त्यांतील दोघी पंचाहत्तरीच्या आसपास होत्या, आणि कथा लहानपणी घरात ऐकल्याचे दोघींनीही सांगितले. घरी देवघराच्या फळीवर आळ्याचे माहात्म्य सांगणारी एक छोटी पुस्तिका होती. तिच्यावर १९७२ हे मुद्रणवर्ष होते, कर्त्याचे नाव नव्हते. पुस्तिकेत रेडा आधी देह ठेवतो आणि त्यानंतर रात्रीचे कीर्तन होते. या दोन्ही स्त्रियांच्या कथनात मात्र कीर्तन आधी होते, रेडा ते ऐकतो आणि पहाटे देह ठेवतो. या क्रमभेदावर मी माझ्या प्रबंधाचे चौथे प्रकरण उभे केले. मौखिक कथा छापील पुस्तिकेहून वेगळी आहे, सांगणाऱ्यांचे बालपण पुस्तिकेच्या आधीचे आहे. म्हणून मौखिक परंपरा लिखिताहून स्वतंत्र आहे, असा माझा युक्तिवाद होता. तो मला अभेद्य वाटत होता.

प्रबंध पूर्ण होत आला असता मी त्या पुस्तिकेची एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयास भेट दिली. तेथील साहाय्यक ग्रंथपाल बाई ग्रंथालयशास्त्राच्या पदवीधर, वीस-बावीस वर्षे तालिकीकरणाच्या विभागात काम केलेल्या. चार दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतले.

“तुम्ही आळ्याचे ना? तुमची ही पुस्तिका आमच्याकडे आधीपासून आहे. पण तुमची आणि आमची एक नव्हे.”

भेट आलेले पुस्तक दाखल करण्यापूर्वी ते संग्रहात आहे की काय हे पाहणे, हा ग्रंथालयातील रोजचा रिवाज. बहुतेक ठिकाणी शीर्षक जुळले की ‘दुसरी प्रत’ अशी नोंद होते आणि काम संपते. बाईंनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाने मोजली. ग्रंथालयातील प्रतीचे मुखपृष्ठ व शीर्षकपान गहाळ होते आणि तालिकापत्रावर ‘१९७२?’ असा कोणीतरी पूर्वी केलेला तर्क चौकटी कंसात होता. ही प्रत मी पाहिली होती काय? पाहिली नव्हती. तालिकापत्र वाचून, ‘हीच पुस्तिका आपल्या घरी आहे’ असे मी ठरवून टाकले होते.

बाईंनी कालनिश्चिती ज्या रीतीने केली, ती कोणत्याही संशोधनपद्धतीच्या पुस्तकात घालावी अशी आहे. शेवटच्या पानावर किंमत आण्यांत छापलेली होती. दशमान नाणेपद्धती १ एप्रिल १९५७ रोजी आली. तेव्हा मुद्रण त्यापूर्वीचे असण्याचा संभव मोठा. मजकुरात अनुच्चारित अनुस्वार सर्वत्र होते. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी ते गेले, म्हणून मी लगेच त्यावर बोट ठेवले, तेव्हा बाई म्हणाल्या, “अनुस्वारावर विसंबू नका. जुने लिहिणारे आणि जुने जुळारी पुढे कितीतरी वर्षे ते देत होते.” मग त्यांनी दाखलनोंदवही काढली. ही प्रत १९५३ साली एका देणगीसंग्रहातून आलेली होती. १९७२ चा तर्क तेथेच कोसळला. शेवटी बांधणीच्या वेळी चिकटविलेला अस्तराचा कागद एका कोपऱ्यात सुटला होता. त्याखाली मूळ मालकाची सही आणि ‘शके १८५९’ असा आकडा होता. म्हणजे १९३७-३८. पुस्तिका त्या वर्षाची किंवा त्याही आधीची.

यापुढची गोष्ट मला अधिक बोचणारी होती. या जुन्या प्रतीत कीर्तन आधी आणि रेड्याचा देहत्याग नंतर होता. १९७२ च्या मुद्रणात परिच्छेदांचा क्रम बदललेला होता. ज्या क्रमभेदाला मी मौखिक परंपरेच्या स्वातंत्र्याचा पुरावा मानत होतो, तो जुन्या छापील पुस्तिकेत अक्षरशः होता. आणि ती पुस्तिका त्या दोघी स्त्रियांच्या बालपणी घराघरांत वाचली जात असणे सहज शक्य होते. पुस्तिकाकर्त्याने गावातल्या तोंडून ऐकून लिहिले असेल, हेही तितकेच शक्य होते. सिद्ध झाले ते एवढेच की, दोहोंना परस्परांपासून स्वतंत्र म्हणता येत नाही. माझे चौथे प्रकरण मला नव्याने लिहावे लागले. ‘स्वतंत्र मौखिक परंपरा’ या ऐवजी ‘लिखित व मौखिक यांची परस्परदेवघेव’ असा त्याचा विषय झाला. मौखिकाचा शोध घेणाऱ्याने आधी छापील कागद नीट पाहावा, हा धडा मला आयुष्यभर पुरला आहे.

२०११ साली प्रबंध सादर झाला. परीक्षकांनी ज्या प्रकरणाची विशेष प्रशंसा केली, ते हेच. त्यात वाक्य असे आहे : ‘दोन मुद्रणांची तुलना करता, पूर्वीचे मुद्रण शके १८५९ च्या पूर्वीचे असल्याचे आढळून आले.’ ऋणनिर्देशात मार्गदर्शक, कुटुंबीय, मित्र यांची नावे आहेत. त्याखाली एक ओळ आहे : ‘विद्यापीठ ग्रंथालयातील सर्व कर्मचाऱ्यांचे आभार.’ त्यावेळी यात काही उणे आहे असे मला वाटले नाही. बाईंनी ‘सेवा’ दिली, संशोधन मी केले, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

२०१४ साली बाईंचे पत्र आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांप्रमाणेच ग्रंथपालांच्या पदोन्नतीसाठीही गुणांची पद्धत आणली होती, आणि त्यात संशोधन व प्रकाशने यांचा वेगळा रकाना होता. बाईंना तो भरावयाचा होता. त्यांनी लिहिले होते : ‘आपल्या प्रबंधात त्या पुस्तिकेसंबंधी माझा कोठे उल्लेख असल्यास पृष्ठांक कळवावा.’ पत्रात तक्रारीचा सूर नव्हता. उल्लेख असेल असे त्यांनी गृहीत धरले होते. मी प्रबंध काढून ऋणनिर्देश पुन्हा वाचला, चौथे प्रकरण वाचले, टिपा वाचल्या. कळविण्यासारखा पृष्ठांक नव्हता.

मी एक प्रमाणपत्रवजा पत्र लिहून दिले. अशा पत्रास गुण नव्हते. पुढे बाई त्याच पदावरून निवृत्त झाल्या. माझ्या एका ओळीने त्यांची बढती झाली असती, असा दावा मी करीत नाही. परंतु जे त्यांचे होते ते त्यांच्या रकान्यात नव्हते आणि माझ्या रकान्यात होते, एवढे निश्चित.

वस्तुतः ग्रंथपालाचे संशोधन ही आपल्याकडे अपूर्व गोष्ट नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या हस्तलिखितसंग्रहाचे परशुराम कृष्ण गोडे (१८९१-१९६१) हे दीर्घकाळ क्युरेटर होते. संग्रहाची व्यवस्था पाहता पाहता त्यांनी चारशेहून अधिक संशोधनलेख लिहिले. ग्रंथकारांच्या कालनिश्चितीपासून तंबाखू आणि जिलबीच्या इतिहासापर्यंत त्यांचे विषय पसरलेले आहेत. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या कालखंडांतील मराठी ग्रंथांची सूची केली. ती नसती तर आपल्यापैकी कितीजणांचे प्रबंध उभे राहिले असते? पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाचे ग्रंथपाल डॉ. शां. ग. महाजन यांनी महाराष्ट्रातील ग्रंथालय चळवळीचा इतिहास लिहिला. दात्यांच्या सूचीला आपण ‘दाते सूची’ म्हणतो, म्हणजे तेथे कर्त्याचे नाव कृतीला चिकटले. परंतु ही सर्व उदाहरणे ग्रंथरूपाने वा लेखरूपाने प्रकट झालेल्या संशोधनाची आहेत. बाईंचे संशोधन तालिकापत्रावरच्या दुरुस्तीत होते : ‘१९७२?’ खोडून ‘१९३८ पूर्वी’ असे त्यांनी लिहिले. त्या दोन शब्दांमागे चार दिवसांचे श्रम आणि वीस वर्षांची नजर होती. तालिकापत्रावर सही करण्याचा प्रघात नाही.

रंगनाथन् यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्यास सांगते. हा वेळ वाचतो तो ग्रंथपालाचा वेळ खर्च होऊन, हे आपण सोयीने विसरतो. त्यातच एक व्यावसायिक पेच आहे. नियम ग्रंथपालाकडे संशोधनाची मागणी करतात. २०१८ च्या नियमावलीने तर विद्यापीठ ग्रंथपालाच्या पदासाठी पीएच.डी. आवश्यक केली. ग्रंथपालाने देवघेव, दाखलनोंद, तालिकीकरण आणि संदर्भसेवा सांभाळून वेगळे शोधनिबंध लिहावेत, अशी अपेक्षा आहे. त्याच्या नित्यकर्मातच जे संशोधन घडते, ते मात्र आपण अध्यापक उचलून नेतो. आपल्या व्यवसायातील माणूस रिकामा रकाना घेऊन बसतो, याला केवळ नियम जबाबदार नाहीत.

यावर उपाय फार मोठे नाहीत. ग्रंथपालाने केलेली कालनिश्चिती, प्रतनिश्चिती वा कर्तृत्वनिश्चिती आपण वापरली, तर टिपेत त्याचे नाव आणि तारीख द्यावी, जसे एखाद्या पत्रव्यवहाराचे देतो. शोध निर्णायक असेल तर लेखावर दोन नावे असावीत. एम.ए. आणि संशोधनपूर्व अभ्यासक्रमातील सूची व पाठचिकित्सा हे घटक ग्रंथपालाकडून शिकवून घ्यावेत. माझ्या विद्यार्थ्यांच्या ऋणनिर्देशात ‘सर्व कर्मचारी’ हे शब्द दिसले की, मी आता त्यांवर खूण करतो आणि विचारतो, “कोण? आणि कशाबद्दल?”

माझा प्रबंध आज ‘शोधगंगा’वर कोणालाही वाचता येतो, तेथील ते वाक्य तसेच राहणार. त्याचे पुस्तक करताना टीप दुरुस्त करीन, असे मी बाईंना दूरध्वनीवरून कळविले. या निबंधात नाव घालू का, असेही विचारले. त्या म्हणाल्या, “पुस्तकात टिपेत घाला, तेथे ते कामाचे. निबंधात नको. निबंधात मी गोष्टीतली बाई होईन.” म्हणून येथे नाव नाही.

आळ्यास ज्याच्या मुखातून वेद आले, त्या मुक्या प्राण्याचीही समाधी आहे. लोकपरंपरेने वदविणाऱ्याची थोरवी गायिली, आणि ज्याच्या तोंडून शब्द आले त्यालाही जागा दिली. लहानपणापासून ती समाधी पाहत आलेल्या मला हे चौथ्या प्रकरणात सुचावयास हवे होते.