राखीव

रविवारी टर्फवर चोरटी धाव घेताना मांडीमागे काहीतरी तटकन तुटलं. सोनोग्राफीत स्नायू थोडा फाटलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे. मी तिसऱ्याच आठवड्यात पळून बघितलं आणि पुन्हा पहिल्या दिवसावर आलो.

मग पडल्या पडल्या वाचत सुटलो. स्नायूच्या एका तंतूत शेकडो केंद्रकं असतात, पण ती स्वतः विभागत नाहीत. दुरुस्ती करतात त्या तंतूला चिकटून, त्याच्या बाहेरच्या आवरणाखाली झोपलेल्या मूळपेशी, म्हणजे सॅटेलाइट सेल्स. अलेक्झांडर मौरोला त्या १९६१ साली बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसल्या. इजा झाली की त्या जाग्या होतात, विभागतात. बऱ्याचशा एकमेकींत आणि जुन्या तंतूत मिसळून स्नायू बनतात. काही मात्र परत जाऊन झोपतात, पुढच्या वेळेसाठी. आमच्या टीममध्ये सर्व्हर पडला की सगळेच धावतात. राखीव कोणी उरत नाही.

बाबाही १९६१चेच. वय वाढलं की या पेशी कमी होतात, उशिरा जाग्या होतात, हे मी नुसती माहिती म्हणून वाचलं होतं. रोज संध्याकाळी सोसायटीत मी लंगडत चालायचो, बाबा सोबत यायचे. मला वाटायचं, माझ्यासाठी हळू चालतायत.

बरा झाल्यावर एकदा मी नेहमीच्या चालीने निघालो. पार्किंगच्या वळणावर मागे पाहिलं. बाबा बरेच मागे राहिले होते.

मी थांबलो. बुटाची नाडी बांधायचं निमित्त केलं.