पेशी मोजणारी सून

यंत्र आले की माणसाच्या हाताचे काम जाते, असे आपण नेहमी म्हणतो. डोळ्यांचे कामही जाते का, हा प्रश्न मला आमच्या घरातच पडला.

मी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबोरेटरीत वीस वर्षे रक्तपेशी मोजल्या. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, काचेवरच्या बारीक चौकोनांतल्या पेशी पाहायच्या आणि हातातल्या काउंटरची कळ दाबत राहायची. संध्याकाळी मान अवघडायची, पण रिपोर्ट बरोबर गेल्याचे समाधान असे. निवृत्तीनंतर मुलाकडे बंगळूरला, मल्लेश्वरमला राहायला आले. सून इथल्याच एका प्रयोगशाळेत नव्या औषधांचा पेशींवर होणारा परिणाम तपासते.

एकदा ती सहज म्हणाली, "आई, आमच्याकडे पेशी यंत्रच मोजतं." मला थोडे लागलेच!

मग तिने समजावून सांगितले. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या ताटलीत ३८४ बारीक खळगे असतात. त्यांत पेशी आणि औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा. एक रंगद्रव्य पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएला चिकटते आणि अतिनील प्रकाश पडला की निळे चमकते. दुसरे केवळ आवरण फाटलेल्या, म्हणजे मेलेल्या पेशीत शिरते आणि लाल चमकते. यंत्र ताटली सरकवते, फोकस साधते, फोटो काढते आणि मोजते. निळे ठिपके एकूण पेशींचे, लाल मेलेल्यांचे. दमणे नाही, मान अवघडणे नाही.

"मग तुझं काम काय उरलं गं?"

त्यावर तिने लॅपटॉपवर फोटोच दाखवले. एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी यंत्राने एक धरल्या होत्या. धुळीचा चमकणारा कण मात्र पेशी म्हणून मोजला होता. मी चष्मा सावरून अशा आणखी दोन जोड्या दाखवल्या. "बघा, म्हणूनच डोळा लागतो!" ती हसून म्हणाली. काय मोजायचे ते यंत्राला माणसानेच शिकवायचे आणि नंतर तपासायचेही माणसानेच.

याच मल्लेश्वरमात सर सी. व्ही. रामन यांचे 'पंचवटी' हे घर आहे. द्रवातून येणारा एक मंद प्रकाश त्यांच्या कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत आधी क्षीण फ्लुओरेसन्सच समजला गेला होता. द्रव कितीही शुद्ध केला तरी तो प्रकाश जाईना, तेव्हा शंका आली. १९२८ साली त्यातूनच 'रामन परिणाम' हाती आला.

पण हेच रामन जवळच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक असताना, १९३३ साली, कमला भागवत या विद्यार्थिनीला केवळ मुलगी म्हणून प्रवेश द्यायला तयार नव्हते. ती हटली नाही. अटी घालून प्रवेश मिळाला आणि तिचे काम पाहून त्यांचे मत बदलले. १९३९ साली तिने केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. याच पुढच्या कमला सोहोनी.

प्रकाश कितीही पाडला तरी नीट पाहण्याचे कष्ट कुणाला तरी घ्यावेच लागतात. आता सून रात्री फोटो तपासायला बसली की मीही शेजारी खुर्ची ओढून बसते.