एका वेळी बाराच

पहिल्याच मोठ्या लढाईत मी तीस-चाळीस सैनिकांभोवती माऊसनं चौकट ओढली आणि हल्ल्याचा हुकूम सोडला. बारा जण निघाले. बाकीचे जागेवरच उभे, आहेर देऊन झाला, आता पंगत कधी बसते ते बघू, अशा थाटात. मला वाटलं माऊस बिघडला. मग आठवलं. ‘स्टारक्राफ्ट’मध्ये एका वेळी बाराच जणांना हुकूम देता येतो. 1998 साली हा गेम आला तेव्हाही असंच होतं. 2017 मध्ये ब्लिझार्ड कंपनीनं तो घासूनपुसून पुन्हा काढला, चित्रं धारदार केली, पण बाराच्या नियमाला हात लावला नाही. दिवाळीच्या सुट्टीत, बेचाळिसाव्या वर्षी, मी तो लॅपटॉपवर उतरवून घेतला, तो केवळ जुनी मजा पुन्हा मिळेल म्हणून.

जुनी मजा म्हणजे 2001 सालचा नाशिकमधला एक सायबर कॅफे. आठ कॉम्प्युटर, तासाला वीस रुपये, दारात चपलांचा ढीग. बाहेर ‘इंटरनेट’ अशी पाटी, पण आत बसलेल्यांपैकी निम्म्यांनी इंटरनेट उघडलेलंच नसायचं. आठही मशीन वायरनं एकमेकांना जोडलेली होती. या गेमच्या एका सीडीवर आठ जणांनी आपसात खेळायची मुभा कंपनीनंच दिली होती. कॅफेवाल्या काकांची सीडी अस्सल होती का, हे मात्र कुणी विचारत नसे. माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. मला तिथं पहिल्यांदा नेलं त्यानंच.

गेम थोडक्यात असा: दूरच्या एका अवकाशप्रदेशात तीन जमाती भांडताहेत. पृथ्वीवरून हद्दपार केलेल्या कैद्यांचे वंशज, म्हणजे टेरन. किड्यामुंग्यांसारखे वाढणारे झर्ग. आणि तंत्रज्ञानानं मढलेले, मानी प्रोटॉस. प्रत्येकानं जमिनीतून मिनरल आणि गॅस काढायचा, त्यातून इमारती उभारायच्या, फौज जमवायची आणि समोरच्याची वस्ती उद्ध्वस्त करायची. बुद्धिबळासारखी पाळी नसते. तुम्ही विचार करत बसलात तरी समोरच्याचं काम चालूच असतं.

इंग्रजी नावं आमच्या तोंडात बसेनात, म्हणून आम्ही आमचं बारसं उरकून टाकलं होतं. झर्गलिंग म्हणजे कुत्री. म्युटॅलिस्क म्हणजे वटवाघूळ. आकाशात संथपणे तरंगणारा ओव्हरलॉर्ड म्हणजे फुगा. जमिनीत दडून खालून काटे मारणारा लर्कर म्हणजे नुसता ‘काटा’. ‘काटा आला रे!’ अशी आरोळी उठली की तिसऱ्या मशीनवरचा मुलगासुद्धा दचकायचा. दादा कायम झर्ग घ्यायचा, मी कायम टेरन. आणि हरायला लागला की दादा टेबलाखाली पायानं स्विच बंद करून ओरडायचा, ‘लाइट गेली!’ फक्त त्याच्याच मशीनची लाइट कशी जाते, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. मोठा भाऊ सांगतोय म्हणजे गेली असेल.

तर, या पुण्याईवर मी संगणकाच्या फौजेशी सामना लावला आणि सहाव्या मिनिटाला माझी वस्ती जळत होती. दुसऱ्यांदा लावला, आठव्या मिनिटाला. तिसऱ्या पराभवानंतर एक गोष्ट कळली आणि ती जिव्हारी लागली: हा गेम मी कधी खेळलोच नव्हतो. कॅफेत आम्ही कायम ज्या नकाशावर खेळायचो, तिथं खाणी संपतच नसत. घरी कुणाच्या मशीनवर एकटे असलो तर ‘शो मी द मनी’ टाइप करायचं, की दहा हजार मिनरल आणि दहा हजार गॅस खात्यात जमा. श्रीमंत बापाच्या पोरांसारखे आम्ही लढत होतो. खरा गेम गरिबीत सुरू होतो.

खात्यात 50 मिनरल, हाताशी चार कामगार. नवा कामगार 50 चाच, म्हणजे पहिल्या क्षणी खिसा रिकामा. प्रत्येक कामगार खाणीवरून एका खेपेला 8 मिनरल आणतो. एका ढिगात एकूण 1500, संपला की संपला. टेरनच्या मुख्य इमारतीत दहा जणांपुरती सोय असते, म्हणून नववा कामगार झाला की सैन्य बाजूला ठेवून आधी शंभर मिनरलचा डेपो बांधायला घ्यायचा. नाही घेतला तर सगळं कारखान्यासकट ठप्प. आधी पोटोबा. शिवाय नवा कामगार जन्मला की तो आपणहून कामाला लागत नाही, दाराशी उभा राहतो. दर वेळी परत येऊन त्याला खाणीवर सोडावं लागतं. सीमेवर लढाई पेटलेली असताना मला घरी येऊन एकेका पोराला शाळेत पाठवायचं असतं. माझ्या पराभवांची कारणं तपासली तर रणांगणात एकही सापडणार नाही. सगळी स्वयंपाकघरात.

तिन्ही जमातींची बांधकामाची तऱ्हा मी यावेळी पहिल्यांदा नीट पाहिली. टेरनचा कामगार गवंड्यासारखा, काम पुरं होईपर्यंत तिथून हलत नाही. झर्गचा कामगार स्वतःच इमारत होतो. गेला तो गेलाच, प्रत्येक बांधकामामागे एक माणूस खर्ची. प्रोटॉसचा कामगार मात्र भूमिपूजनाला आलेल्या मंत्र्यासारखा, नारळ फोडून लगेच पुढच्या कार्यक्रमाला. फरक इतकाच की मागे इमारत खरंच उभी राहते. एकही नियम दोघांना सारखा नाही आणि तरी तिघांत कुणी उघड वरचढ नाही. या तोलाबद्दल गेमचं कौतुक खूप झालं आहे, पण मला ते कौतुक हरत हरत कळलं.

माझी मोठी फौज अरुंद वाटेवर अडकून बसते याचा मला फार राग यायचा. विशेषतः प्रोटॉसचे ड्रगून, ते चार पायांचे यंत्रकोळी. तीन जण एका चढावर आले की पुण्यातला चौक. मग गेमच्या प्रोग्रामरांपैकी एक असलेल्या पॅट्रिक वायट यांचं लेखन वाचनात आलं. पाया होता त्यांच्याच ‘वॉरक्राफ्ट’ या जुन्या गेमचा, सरळ चौकोनी घरांचा. वर चित्रं मात्र तिरकी. त्यामुळे वाट शोधण्याचं काम अवघड होऊन बसलं. खाणीवर ये-जा करणारे कामगार तर एकमेकांना धडकून कोंडी करायचे. तेव्हा उपाय काढला तो असा: मिनरलची खेप करणाऱ्या कामगाराला दुसरे कामगार आडवे येतच नाहीत, तो त्यांच्या आरपार जातो. वाचलं आणि तसाच गेम उघडला. कामगारांकडे टक लावून पाहिलं. खरंच की! भुतासारखे एकमेकांतून जात होते. एवढी वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं. त्या रात्री मी लढलोच नाही, नुसत्या खेपा बघत बसलो.

गेममध्ये एक कथाही आहे, हेही आताच कळलं. तासाचे वीस रुपये मोजून कथा कोण बघणार? केरिगन नावाची एक लढवय्यी असते. तिचाच नेता, मेंग्स्क, तिला टार्सोनिस ग्रहावर झर्गच्या तावडीत सोडून आपली जहाजं घेऊन निघून जातो. हे सगळं छोट्या चौकटीतल्या चेहऱ्यांच्या बोलण्यातून कळतं. मी तो टप्पा दोनदा खेळलो, तिला वाचवायची काही तरी पळवाट असेल म्हणून. नाही. आणि पुढच्या भागात खेळणारा झर्गच्या बाजूनं असतो आणि त्यानं एका कोषाची राखण करायची असते. कोषात कोण वाढतंय हे मला आधीच उमगलं होतं, तरी ती बाहेर आली तेव्हा मी हात माऊसवरून काढून घेतला.

मग हरायचा कंटाळा आला आणि मी दक्षिण कोरियातले जुने सामने बघायला लागलो. 1997 च्या आर्थिक संकटानंतर तिथं गल्लोगल्ली ‘पीसी बांग’ उघडले, आपल्या सायबर कॅफेचेच थोरले भाऊ. त्यांतून या गेमचे व्यावसायिक संघ तयार झाले, टीव्हीवर सामने दाखवायला वाहिन्या आल्या. 2004 मध्ये बुसानच्या ग्वांगाल्ली किनाऱ्यावर झालेल्या एका अंतिम सामन्याला लाखभर लोक जमल्याचं सांगतात. हवाई दलाचासुद्धा स्वतःचा संघ होता, म्हणजे सक्तीची लष्करी सेवा करणारे खेळाडू तिथं स्टारक्राफ्टच खेळत! इम यो-ह्वान, टोपणनाव ‘बॉक्सर’, टेरनचा बादशहा. त्याचं एकेक शिपाई काट्याला हुलकावणी देत नाचवणं बघितलं आणि बाराच्या नियमावरचा माझा राग गेला. सगळी फौज एका चौकटीत पकडता आली असती तर हे कसब दिसलंच नसतं.

दादा आता नागपूरला असतो. फोन केला. ‘दादा, येतोस का एक डाव?’

‘वेडा झालास काय रे? उद्या ऑफिस आहे,’ असं म्हणून त्यानं दहाच मिनिटांत गेम उतरवून घेतला. झर्गच घेतला, अर्थात.

फोन स्पीकरवर ठेवून आम्ही बसलो. त्याची कुत्री अपेक्षेप्रमाणे लवकर आली. पण मी चढाच्या तोंडाशी डेपो आणि बराक लावून वाट बुजवली होती आणि मागे शिपाई उभे केले होते. ‘हे कुठून शिकलास?’ दादा म्हणाला. मी बोललो नाही, कामगार मोजत होतो. मग रणगाडे निघाले. बारा-बाराच्या तुकड्या, मध्ये मध्ये घरी चक्कर. त्याचे काटे जमिनीत बसलेले मी उपग्रहानं शोधून काढले. त्याच्या वस्तीबाहेर रणगाडे पाय रोवून बसले आणि पहिली इमारत फुटली.

तेवढ्यात पडद्यावर सूचना आली, समोरचा खेळाडू खेळातून बाहेर पडला आहे.

‘दादा?’

‘अरे, इकडे लाइट गेली,’ दादा म्हणाला. त्याच्या मागे वहिनींचा मिक्सर घरघरत होता.